आवडत्या गवयाची कळसूत्री बाहुली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी फोंड्याला घरी बसून गवई-वाजवप्यांच्या कळसूत्री बाहुल्या करते. देवळाच्या चौकात, शाळांत, एखाद्या ओळखीच्या बैठकीत त्या नाचवते. त्यानंतर जे फोन आणि निरोप येतात, त्यांत तेच तेच प्रश्न असतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात दडलेलं असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. ताई, कळसूत्री बाहुली आणि कठपुतळी एकच ना?

दोन्ही दोरीवर चालतात, पण घडण वेगळी. राजस्थानी कठपुतळीला बहुधा पाय नसतात. लाकडी डोकं, कापडी हात, खाली घोळदार घागरा, आणि मोजक्याच दोऱ्या. तिची सगळी गंमत झोक्यात आणि गिरकीत आहे. मी जी करते तिला मान, खांदे, कोपर, मनगट, कंबर, हवे असल्यास गुडघे, असे सुटे सांधे असतात आणि प्रत्येकाची दोरी वर, चालवणाऱ्याच्या हातातल्या लाकडी फुलीला बांधलेली असते. गवयाला हीच हवी, कारण त्याचं बरंचसं गाणं हातात आणि मानेत दिसतं.

२. पहिल्यांदाच करतोय. गायक सोपा की वादक?

बसलेला गायक सर्वांत सोपा. पायांच्या दोऱ्या वाचतात (प्रश्न ११) आणि हातात वाद्य नसल्यामुळे चूक झाकता येते. त्यानंतर पेटीवाला. व्हायोलिनवाला तिसऱ्या-चौथ्या बाहुलीपर्यंत थांबला तर बरं. उभा राहून नाचत गाणारा कलाकार पहिल्याच खेपेला घेऊ नका. पाय जमिनीला नीट टेकवायला शिकण्यातच दोन महिने जातात.

३. रूप ठरवायला सुरुवात कुठून करू? माझ्याकडे एकच फोटो आहे.

फोटो बाजूला ठेवा आणि माणसांकडे जा. हे मी चूक करून शिकले.

माझी पहिली बाहुली आमच्या गावच्या देवळातल्या पेटीमास्तरांची. ते जाऊन दोन वर्षं झाली होती. घरच्यांनी मला त्यांचा ओळखपत्रावरचा फोटो दिला. मी भिंग लावून नाकाची धार, भुवया, कानाची पाळीसुद्धा मोजून केली. चवथीला सुरू केलेली बाहुली शिगम्याला तयार झाली. चौकात दाखवली, तर सगळे म्हणाले, ‘छान आहे, कोण हे?’ मला रात्रभर झोप लागली नाही.

मग मी त्यांच्याबरोबर भजनाला बसणाऱ्या लोकांना विचारत फिरले. चेहऱ्याबद्दल कुणीच काही सांगेना. एक म्हणाले, मास्तरांचा डावा खांदा कायम खाली असायचा, आयुष्यभर भाता हलवून हलवून. दुसरे म्हणाले, पेटी उघडण्याआधी ते उपरण्याच्या टोकाने झाकण पुसायचे, धूळ असो वा नसो. तबलजींना आठवत होतं, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) ते मान न हलवता नुसती हनुवटी उचलायचे. मी खांद्याची दोरी बोटभर लांब केली, उपरण्याचं टोक उजव्या हाताला शिवलं आणि हनुवटीखाली एक जादा दोरी दिली. चेहऱ्याला हातसुद्धा लावला नाही. पुढच्या वेळी बाहुलीने झाकण पुसलं तेव्हा मागून त्यांच्या लेकीचा आवाज आला, ‘बाबा पेटी पुसतात!’

म्हणून सांगते, आधी तीन गोष्टी लिहून काढा: तो माणूस बसायचा कसा, गाण्याआधी काय करायचा, आणि सम आली की शरीराचं कुठलं अंग हलायचं. कलावंत तुमच्या पाहण्यातला नसेल तर चलच्चित्र शोधा, तेही नसेल तर ज्यांनी ऐकलं त्यांना गाठा. बाकी रूप, म्हणजे कपडे, केस, वय, या तीन गोष्टींच्या मागून येतं.

४. तरुणपणीचं रूप घ्यावं की उतारवयातलं?

प्रेक्षकांच्या आठवणीत जे आहे ते. बाहुली कोणापुढे नाचणार हे आधी ठरवा. जितेंद्र अभिषेकीबुवांची बाहुली (जन्म १९२९, मंगेशी) नाट्यसंगीतासाठी करणार असाल, तर ‘मत्स्यगंधा’ आणि ‘कट्यार काळजात घुसली’ ही त्यांच्या संगीताची नाटकं १९६४ आणि १९६७ सालची. तेव्हा ते पस्तीस-अडतीस वर्षांचे होते. तिथे पिकल्या केसांचे बुवा ठेवलेत तर जाणकारांना खटकेल. वय ठरलं की केस, अंगलट, पाठीचा बाक सगळं त्या एका वर्षाचं ठेवा. तरुण चेहरा आणि म्हातारपणीची शाल अशी सरमिसळ झाली की बाहुली कुणाचीच राहत नाही.

५. जुने फोटो सगळे काळे-पांढरे. साडीचा, काठाचा रंग कसा कळणार?

हा प्रश्न मला गायिका केसरबाई केरकरांची बाहुली करताना पडला, आणि यात मी बरेच दिवस घालवले. केसरबाई १८९२च्या, केरी गावच्या. म्हणजे माझ्या घरापासून फार लांब नाही. त्यांचे सुरुवातीचे फोटो ज्या काळातले, त्या काळातल्या फोटोच्या बऱ्याच काचपट्ट्यांना आणि फिल्मांना लाल रंग दिसतच नसे. त्यामुळे लाल वस्तू फोटोत काळपट येते आणि निळी फिकट पडते. कपाळावरचं कुंकू जुन्या फोटोत काळं दिसतं ते याचमुळे. तेव्हा फोटोतला काळा काठ पाहून लगेच काळं कापड आणू नका, तो तांबडाही असू शकतो. पांढरी दिसणारी साडी आकाशी असू शकते. ओठ गडद दिसले म्हणून बाहुलीचे ओठ रंगवून ठेवू नका. नंतरच्या फिल्मांत हा दोष गेला, म्हणून फोटो साधारण कोणत्या वर्षाचा हे आधी शोधा.

एवढं करूनही शेवटी निवड आपलीच असते. मी केसरबाईंना दुधी रंगाची साडी आणि गडद तांबडे काठ दिले. खेळाच्या आधी मी हे सांगते, की रंग माझे, बाईंचे नव्हेत. लोकांना ते आवडतं. एका आजीने तर उठून आपल्या कपड्यांच्या पेटीतला जुना काठ आणून दिला. आता बाहुलीच्या अंगावर तोच आहे.

६. चेहरा हुबेहूब करायचा की अर्कचित्रासारखा?

दोन्हींच्या मधला. बाहुलीचा चेहरा लांबून, वरून पडणाऱ्या उजेडात बघायचा असतो. भुवईचा उंचवटा, डोळ्यांच्या खोबणी आणि गालाखालची खाच खऱ्यापेक्षा खोल करा, म्हणजे सावली पडेल आणि चेहरा वाचता येईल. बारीक सुरकुत्या दिसत नाहीत, त्यांवर वेळ घालवू नका. मात्र नाक, दात किंवा पोट मुद्दाम फुगवू नका. लोक हसतात, आणि मग गाण्याकडे कुणाचं लक्ष राहत नाही.

डोकंही थोडं मोठं लागतं. माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांची असते. बाहुलीत मी पाच ते सहा डोकी धरते. ६० सेंटीमीटरच्या बाहुलीला केसांसकट १० ते १२ सेंटीमीटरचं डोकं. हातही जरा मोठे ठेवा, हनुवटीपासून कपाळावरच्या केसांपर्यंत पोचतील एवढे.

७. गाताना तोंड हलायला हवं ना?

नको. ही माझी पक्की खात्री आहे. खालचा जबडा उघड-मीट करणारी बाहुली बोलताना शोभते, पण आलापात नाही. एक स्वर चार मात्रा लांबवला तर जबडा उघडाच ठेवणार? तानेत किती वेळा आपटणार? त्यापेक्षा ओठ किंचित विलग करून ठेवा. डोकं वर गेलं की उजेड ओठांच्या आत शिरतो आणि बाहुली गातेय असं वाटतं. डोकं खाली आलं की वरच्या ओठाची सावली पडते आणि ती ऐकत बसलीय असं वाटतं. एवढ्यासाठी मानेचा सांधा मऊ हवा (प्रश्न १०).

८. रंग कुठले? आणि कांती किती गोरी ठेवावी?

चेहऱ्यासाठी चमक नसलेले अ‍ॅक्रिलिक. तैलरंग किंवा चकचकीत व्हार्निश लावलं तर दिव्याखाली कपाळ आणि नाक नुसतं लखलखतं. चमक फक्त बुबुळांवर द्या, वार्निशचा एक एक ठिपका, त्याने डोळे जिवंत होतात. नजर अगदी समोर रोखू नका, किंचित खाली ठेवा, म्हणजे बाहुली पहिल्या रांगेकडे पाहते.

कांतीबद्दल कळकळीने सांगते. आपले कितीतरी थोर कलावंत सावळे होते, आणि त्यांच्या तसबिरी रंगवणाऱ्यांनी त्यांना गोरं करून टाकलंय. तुम्ही ते करू नका. पिवळसर गेरू, थोडा तांबडा, थोडा गर्द तपकिरी असं मिसळून हाताच्या पाठीशी धरून बघा. दिव्याच्या उजेडात रंग एक छटा फिका दिसतो, म्हणून हातात गडद वाटला तरी चालेल.

चष्मा असेल तर तांब्याच्या बारीक तारेचा, काचा न घालता. काच उजेड परतवते आणि डोळे दिसेनासे होतात.

९. लाकूड घ्यावं की कागदाचा लगदा? फणसाचं लाकूड घरी आहे.

फणस जड आणि चिवट, वाद्याला उत्तम, बाहुलीच्या डोक्याला नको. हलकं, मऊ लाकूड पाहा: शिवण, सावर, पांगारा. सावंतवाडीची लाकडी खेळणी पांगाऱ्याची होत असत, ती हातात घेऊन बघा म्हणजे वजनाचा अंदाज येईल.

नवशिक्याने मात्र डोकं कागदाचं करावं. नरकासुराचा मुखवटा केलेल्या कुठल्याही गोंयकाराला हे काम येतंच. चिकणमातीचं डोकं घडवा, त्यावर साबण किंवा तेलाचा हात द्या, वर्तमानपत्राचे फाडलेले तुकडे (कापलेले नव्हे, फाडलेल्या कडा एकमेकींत मिसळतात) खळीत बुडवून सहा-सात थर चढवा. प्रत्येक थर वाळू द्या. मग कानामागून कापून माती काढा आणि दोन्ही अर्धुकं परत चिकटवा. वरून खडूची पूड आणि फेव्हिकॉल यांचा लेप, काचपेपर, आणि मग रंग. खळीला कीड लागू नये म्हणून बायंडर लोक मोरचूद घालतात. ते विषारी असतं, मुलं हाताशी असतील तर घालूच नका. फेव्हिकॉलवरच भागवा.

धड आणि हातपाय लाकडाचेच बरे. कागदाचे हात हलके पडतात आणि दोरी सैल सोडली तरी खाली येत नाहीत.

१०. बाहुली हवेत तरंगते, हात लटलटतात. काय चुकलं?

वजन चुकलं. वजन बुडाशी आणि टोकांना हवं: कंबरेखाली, तळपायात, पंजात. डोकं हलकं. म्हापशाच्या बाजारात गळाचं सामान विकणाऱ्यांकडे शिशाचे मणी मिळतात. ते पंजाच्या आत आणि पावलात बसवून वर लाकडाची भुकटी आणि गोंद भरून पूर्ण बंद करा. शिसं हाताळल्यावर हात धुवा, ते मुलांच्या हाती देऊ नका.

लटलटीचं दुसरं कारण सांधे. कोपर काय, गुडघा काय, प्रत्येक आपापल्या एकाच दिशेने वाकला पाहिजे. तिथे जुन्या पिशवीच्या पट्ट्याचं चामडं खाचेत बसवा, किंवा एका हाडाला जीभ, दुसऱ्याला खाच करून आरपार तार घाला. खांदा आणि मान मात्र सगळीकडे फिरायला हव्यात. तिथे नुसती दोरी किंवा एकमेकांत अडकवलेल्या दोन कड्या पुरतात.

११. दोऱ्या किती आणि कसल्या?

उभ्या बाहुलीला नऊ: दोन डोक्याला कानांच्या वर, दोन खांद्यांना, एक पाठीला, दोन हातांना, दोन गुडघ्यांना. मांडी घालून बसलेल्या गवयाला गुडघ्यांच्या दोन वजा करा, उरतात सात. पायांची मांडी शिवूनच टाकायची. हे काही कमीपणाचं नाही, उलट मोकळी झालेली बोटं मनगटाला देता येतात.

बांधताना आधी खांदे, मग डोकं, मग पाठ, शेवटी हात. सगळं वजन खांद्यांच्या दोऱ्यांनी उचललं पाहिजे. डोक्याच्या दोऱ्यांवर वजन आलं की मान कधीच मोकळी हलत नाही. लांबी ठरवताना उभे राहा, कोपर काटकोनात ठेवा आणि बाहुलीची बैठक जमिनीला टेकेल अशी गाठ मारा.

तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) घेऊ नका. सगळे तीच आणतात, कारण ती दिसत नाही असं वाटतं. दिव्याखाली ती चांदीसारखी चमकते, आणि गुंडाळून ठेवली की वेटोळी सोडत नाही. काळा, घट्ट विणलेला धागा आणा आणि मेणावरून ओढून घ्या. काळ्या पडद्यापुढे तो नाहीसा होतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत फुगतही नाही.

१२. वाद्य हातातून सुटतं. कसं धरवायचं?

प्रत्येक वाद्याची तऱ्हा निराळी.

पेटी: डावा पंजा भात्याला कायमचा जोडा आणि दोरी पंजाऐवजी भात्याला बांधा. भाता हलला की हात आपोआप हलतो. उजवा हात मोकळा, मनगटाला एक दोरी, बोटं लाकडात किंचित पसरून कोरलेली. बोरीच्या तुळशीदास बोरकरांची बाहुली करायची आहे असं एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं. त्याला मी हेच सांगितलं, आणि जोडीला, त्यांना ऐकलेल्या माणसांकडून बैठक विचारून घे म्हटलं.

व्हायोलिन: वाद्य डाव्या खांद्याला आणि डाव्या पंजाला पक्कं करा. हलतो तो फक्त उजवा हात. गज वाद्यावरून घसरू नये म्हणून वाद्याच्या कमरेला काळ्या धाग्याचा बारीक फास ठेवा आणि गज त्यातून ओवा. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांसारखा वाद्यवृंदातला वादक करायचा तर पाठ ताठ ठेवा आणि खुर्ची द्या.

तंबोरा: भोपळ्यासाठी अर्धी करवंटी! घासून गुळगुळीत केली, रंग दिला की हुबेहूब. दांडी शिवणीची, तारा पितळी. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला दोरी.

घुमट: कुंभाराकडून लहान दोन तोंडी मडकं करून घ्या. खरं घुमट पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवत. वन्यजीव कायद्याने त्याला बंदी आहे आणि आता बकऱ्याचं कातडं वापरतात. बाहुलीच्या घुमटाला फुग्याचा रबर ताणून बसवला तरी पुरतो. घुमट उजव्या-डाव्या दोन्ही हातांनी वाजतं, म्हणून ते गळ्यात पट्ट्याने अडकवा आणि दोन्ही हात मोकळे सोडा.

१३. कपड्यांना जुनी पैठणी वापरू?

वापरू नका. जरीचं कापड बाहुलीच्या अंगावर पत्र्यासारखं उभं राहतं आणि हात अडकतात. पुष्कळदा धुतलेलं सुती, मलमल, जुना पंचा उत्तम. नक्षी बाहुलीच्या मापाची हवी. खऱ्या साडीचा चार बोटं रुंद काठ बाहुलीवर हातभर दिसतो, म्हणून ब्लाउजच्या बाहीची बारीक किनार शोधा. बगलेत कापड ढिलं ठेवा. नऊवारी नेसवायची असेल तर आधी चोळण्यासारखा आतला भाग शिवा आणि निऱ्या वरून टाचा.

केसांना काळी लोकर, पिकलेल्या केसांना ताग, कुरळ्यांना काथ्या. खरे केस लावू नका, लांबून ते चिकट दिसतात.

१४. गोव्याच्या गायिकेला अबोलीचा वळेसर (गजरा) हवाच ना?

त्या माळत असतील तर हवा. नसतील तर नको. बाई गोव्याच्या म्हणून अबोली, नथ आणि गळाभर दागिने घालायची सवय लागली आहे. आपल्या गायिकांनी आयुष्यभर रियाज करून स्वतःची बैठक घडवली. त्यांना नटवलेल्या बाहुलीसारखं उभं केलं की मला वाईट वाटतं. मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी गाव साळावली धरणाखाली गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथल्या भिंती वर येतात. त्यांच्या बाहुलीला गोवा दाखवायचा असेल तर मागच्या पडद्यावर ते गाव रंगवा.

१५. दीनानाथ मंगेशकरांची करायची आहे. ते स्वतः दाखवू की एखाद्या भूमिकेत?

मंगेशीच्या दीनानाथांनी १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी काढली आणि रंगभूमीवर स्त्रीभूमिकाही केल्या. त्यामुळे पेच खरा आहे. माझं मत: खेळात नाट्यपद असेल तर भूमिकेचा वेष, बैठकीतलं गाणं असेल तर ते स्वतः. धड एकच ठेवून दोन डोकी आणि दोन पोशाख करता येतात, मानेला कडी असली (प्रश्न १०) की डोकं बदलायला मिनिट लागत नाही. स्त्रीवेषातली बाहुली करताना ती गंभीरपणे करा. त्या काळातले प्रेक्षक त्या वेषाकडे थट्टेने पाहत नव्हते.

१६. खाप्रुमामांची बाहुली शक्य आहे का?

हा माझा सर्वांत लाडका प्रश्न. लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर दोन्ही हातांनी आणि पायांनी एकाच वेळी निरनिराळे ताल दाखवत, असं जुने लोक सांगत आले आहेत. कळसूत्री बाहुलीला प्रत्येक अवयवाची दोरी वेगळी, म्हणजे ती जणू याचसाठी जन्मली आहे. पण दोऱ्या ओढणाऱ्या माणसालाही मग तेवढे ताल धरता आले पाहिजेत!

मी दोन जणांत वाटून पाहिलं. हातांची फुली माझ्याकडे, पायांची माझ्या भाच्याकडे, तो तबला शिकतो. माझ्या हाताला तीनताल, त्याच्याकडे झपताल. १६ आणि १० मात्रा, म्हणजे ८० मात्रांनी सम एकत्र येते. पहिले कितीतरी दिवस ती आलीच नाही. ज्या संध्याकाळी आली त्या वेळी बाहुलीचे चारही अवयव एकदम जमिनीला टेकले आणि आम्ही दोघं गप्प बसून राहिलो. अजून लोकांपुढे केलेलं नाही. तुम्ही करणार असाल तर फुल्या दोनच ठेवा, चार माणसं चार दोऱ्यांना लावू नका, बाहुली फाटल्यासारखी दिसते.

१७. खरं ध्वनिमुद्रण लावलं तर चालतं का? आणि कलावंत हयात असेल तर?

आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. जुन्या तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणाची मुदत बहुतेक संपली आहे. नवीन मुद्रण असेल तर कंपनीची परवानगी घ्या, किंवा गावातल्या गायकाला बसवून प्रत्यक्ष गाऊन घ्या. मला दुसरंच जास्त आवडतं, कारण गाणारा बाहुलीसाठी थांबू शकतो.

तबकडीचा एक फायदा आहे: एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची, आणि नवख्या हाताला तेवढाच खेळ झेपतो. १९७७ साली व्हॉयेजर यानांतून जी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावरची केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी साडेतीन मिनिटांची आहे. माझा केसरबाईंचा खेळ तेवढाच.

हयात कलावंताला आधी विचारा. गायक रेमो फर्नांडिस किंवा कोंकणी गायिका लोर्ना यांची बाहुली करावी असं कितीजण लिहितात, आणि त्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण स्वतःचं रूप दुसऱ्याच्या हातात पाहणं ही नाजूक गोष्ट आहे. दिवंगतांच्या बाबतीत घरच्यांना विचारा आणि पहिला खेळ त्यांनाच दाखवा. त्यांनी नको म्हटलं तर थांबा.

१८. एवढ्या थोर माणसाला दोरीला लटकवणं हा अपमान नाही का?

ज्येष्ठ मंडळी हे विचारतात आणि मी ते मनावर घेते. आपल्या शेजारी, कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या रामायण बाहुल्यांतून सांगत आली. तिथे प्रभू रामचंद्रही दोरीवर उभे राहतात आणि बघणारे हात जोडतात. अपमान होतो तो हाताळणीत. खेळ संपल्यावर बाहुली टाकून देऊ नका. गाठोड्यासारखी उचलू नका. मुलांना खेळायला देऊ नका. मी खेळाआधी बाहुलीला नमस्कार करते आणि संपल्यावर तिला आधी बसवते, मगच दोऱ्या सोडते. लोंबकळलेली मान प्रेक्षकांनी पाहू नये.

१९. हे शिकायला कुठे जाऊ?

पिंगुळीलाच. पेडणे ओलांडून सावंतवाडी, पुढे कुडाळ, तिथून जवळ. परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्यांचं ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ तिथे आहे. कळसूत्री, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगणं) तिन्ही बघता येतात. वही घेऊन जा, आणि बाहुलीपेक्षा चालवणाऱ्याच्या मनगटाकडे बघा.

२०. दोऱ्या गुंतल्या. कापू का?

कापू नका. फुली हुकाला अडकवून बाहुली मोकळी लोंबू द्या आणि ती स्वतः उलटी फिरेपर्यंत थांबा. अर्धा गुंता त्यातच सुटतो. उरलेला वरून खाली, खांद्यांच्या दोऱ्यांपासून सोडवा. ठेवताना सगळ्या दोऱ्या एकत्र धरून रुंद रिबिनीने बांधल्या तर गुंता होतच नाही.

२१. पावसाळ्यात बुरशी येते. आणि जुनी झालेली बाहुली?

जूनआधी बाहुली दोन दिवस सावलीत वाऱ्यावर टांगा. मग सुती पिशवीत घालून कपाटात उभी टांगा, आडवी ठेवू नका. प्लॅस्टिक अजिबात नको, आतल्या आत ओल धरते. पिशवीत लोणारी कोळशाची पुरचुंडी आणि चार लवंगा ठेवा. दर पंधरा दिवसांनी काढून पुसा आणि दोऱ्यांवर मेण फिरवा. कागदी डोक्याच्या मानेच्या भोकाला आतून रंग द्यायला विसरू नका, बुरशी तिथूनच शिरते.

जुनी झाली तर कपडे आणि दोऱ्या बदला, चेहरा शक्यतो ठेवा. पेटीमास्तरांच्या बाहुलीचा रंग नाकावर उडाला आहे. घरच्यांना विचारलं, तर त्यांनी तसाच ठेवायला सांगितला. उपरणं मात्र मी दर वर्षी नवं शिवते. झाकण पुसून पुसून त्याचं टोक झिजतं.